मधल्या खुर्चीवरून अमेरिका

परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, सरोवर पाहिलंत का?" चूक त्यांची नाही. शाळेत शिकवत असताना वर्षानुवर्षं मी पोरींकडून उत्तर अमेरिकेच्या नकाशात ती पाच सरोवरं निळ्या पेन्सिलीनं भरून घेतली. मुलगा मिशिगन राज्यात राहायला गेल्यापासून तर 'एकदा ते पाणी डोळ्यांनी बघणार' असं सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते. तेव्हा एकदाच लिहून टाकते, म्हणजे दारोदार सांगायला नको. सरोवर पाहिलं नाही. गाडीनं तासाभराच्या अंतरावर होतं म्हणतात. का पाहिलं नाही ते सांगायचं तर सगळा प्रवासच सांगावा लागेल.

आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि आमचे हे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मी शाळेतून. तिकडं मुलगा समीर, सून केतकी आणि पहिलीत जाणारी नात रेवा. पानगळीचे दिवस निवडले होते, कारण सगळे म्हणाले की तेव्हा झाडं बघण्यासारखी असतात.

डेट्रॉइट

विमानतळाबाहेर समीर उभा होता. जाड जाकीट, कानांवर ओढलेली टोपी, कल्ल्यांपाशी पांढरे केस. पांढरे केस मला फोनवर दिसले नव्हते. त्यानं मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "आई, बाबांना विचार, प्रवासात त्रास नाही ना झाला."

हे माझ्या मागं हातभर अंतरावर ट्रॉली धरून उभे होते. म्हणाले, "सांग त्याला, पायांना जरा सूज आलीय, बाकी ठीक."

मी गप्प राहिले, कारण दोघांनाही ऐकू गेलेलं होतं. तरी दोघंही थांबले. मी बोलल्याशिवाय निरोप पोचला असं आमच्या घरात कुणी धरत नाही. थंडी मी म्हणत होती. शेवटी मी म्हटलं, "पायांना सूज आहे, बाकी ठीक," आणि मग सामान गाडीत चढलं.

हा प्रकार काय आहे तेही सांगून टाकते. आठ वर्षांपूर्वी माझे सासरे गेले. समीर तेव्हा ॲन आर्बरला पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात होता आणि त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. तिथं राहायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पडला की परत शिरायला नवा शिक्का लागणार, आणि त्याची तारीख कधी मिळेल ते देवालाच ठाऊक. तो आला नाही. ज्या आजोबांच्या मांडीवर तो वाढला त्यांच्या दहाव्यालाही आला नाही. ह्यांनी फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "आता माझ्या वेळीही येऊ नकोस." आणि फोन माझ्या हातात दिला. तेव्हापासून तो फोन माझ्याच हातात आहे.

पुढच्या वर्षी समीर लग्नासाठी आला, नोकरीच्या नव्या व्हिशावर. हे म्हणाले, "लग्नाला बरा मिळाला व्हिसा." अर्थात मला म्हणाले. त्या लग्नात वरमाईची पैठणी नेसून मी दोन खोल्यांमध्ये निरोप पोचवत फिरत होते. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, हीच पंचाईत होती. एक जण जरी चुकला असता तरी त्याला धरून आणून माफी मागायला लावली असती.

घरातली बाई मधे घालून बोलायची आपल्याकडं जुनीच रीत आहे म्हणा. माझ्या माहेरी आजोबा आणि थोरले काका एकाच ओसरीवर बसायचे आणि आजोबा आत बघून म्हणायचे, "त्याला म्हणावं, जेवायला चल." काकू पदर सावरत बाहेर येऊन काकांना सांगायची. आम्ही पोरं हसायचो. काकूला हसताना मी कधी पाहिलं नाही, हे मला आता आठवतं.

गाडीत पुढच्या सीटवर कुणी बसायचं याचा प्रश्नच नव्हता. हे मागं बसले, मी पुढं.

ॲन आर्बर

गाव देखणं आहे, त्यात शंका नाही. सगळं गाव विद्यापीठाभोवती वसलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, कुठं हळदीसारखी पिवळी, कुठं कुंकवासारखी लाल. गळलेली पानं लोक मोठाल्या कागदी पिशव्यांत भरून फाटकाबाहेर ठेवतात आणि गाडी येऊन ती घेऊन जाते. खारी आपल्या मांजराएवढ्या आणि माणसाला अजिबात न भिणाऱ्या. मुलं कडाक्याच्या थंडीत सायकलवरून वर्गाला जातात आणि हातात बर्फ घातलेली कॉफी असते. असं का, ते विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही.

मला सगळ्यात आवडली ती बस. आवडायचं कारण असं, की उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला मोठ्यानं 'थँक यू' म्हणतो. मागच्या दारानं उतरणारासुद्धा तिथून ओरडून म्हणतो. आपल्या एसटीत असं कुणी केलं तर कंडक्टर वळून बघेल, की काय विसरलं याचं. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. चार दिवसांनी राग यायला लागला. अनोळखी ड्रायव्हरला बसच्या लांबीएवढ्या अंतरावरून दोन शब्द बोलता येतात, आणि माझ्या घरातल्या दोन सुशिक्षित पुरुषांना एका जेवणाच्या टेबलावरून बोलता येत नाहीत.

टेबलावर माझी खुर्ची मधे. "बाबांना विचार, पोळी वाढू का." "त्याला सांग, पुरे." "बाबांना म्हणावं, गोळी घेतली का." "त्याला सांग, मी लहान नाही." पोळ्या करायच्या मी, वाढायच्या मी आणि वाढू का ते विचारायचंही मीच. केतकी शांतपणे जेवायची. पहिल्याच आठवड्यात ती मला ओट्याशी म्हणाली, "आई, मी यात नाही हं. लग्नाच्या आधीच समीरला क्लिअर केलं होतं, मी कुणाचे मेसेज पास करणार नाही." मला तिचा हेवा वाटला. आमच्या वेळी असं काही आधी क्लिअर करता येतं हेच माहीत नव्हतं.

आता सरोवराचं. एका शनिवारी जायचं ठरलं. केतकीनं थर्मास काढला, मी सांगलीहून नेलेल्या भडंगाचा डबा पिशवीत घातला. सकाळी हे मला म्हणाले, "त्याला आठवड्यातून दोनच दिवस सुट्टी असते. दमला असेल. त्याला सांग, आमच्यासाठी म्हणून नको." मी सांगितलं. समीर म्हणाला, "बाबांचे पाय सुजलेत ना? त्यांना सांग, नसेल जमत तर आपण कॅन्सल करू, नो प्रॉब्लेम." मी तेही सांगितलं. हे म्हणाले, "बघ, त्याच्या मनात नाहीये." तिकडून समीर म्हणाला, "मला वाटलंच, त्यांना यायचं नाहीये." दोघंही एकमेकांची काळजी करत होते आणि त्या काळजीत माझं सरोवर गेलं. मला जायचं होतं का, हा प्रश्न विचारायला मधे कुणी नव्हतं. भडंग आम्ही घरीच खाल्लं.

थिएटर

केतकीनं मग स्वतःच्या डोक्यानं एक केलं. गावात एक जुनं थिएटर आहे, तिथं लहान लहान, कुठल्या मोठ्या कंपनीनं न काढलेले सिनेमे लावतात. तिनं एका आयरिश सिनेमाची तिकिटं काढली आणि मला कानात म्हणाली, "आई, बाप-लेकाची स्टोरी आहे. बघू या काही फरक पडतो का." रेवाला शेजारी सोडलं आणि आम्ही चौघं गेलो. खुर्च्यांवर बसलो तो क्रम सांगायला नकोच: हे, मी, समीर, पलीकडे केतकी. पॉपकॉर्नची बादली माझ्या मांडीवर.

सिनेमा सुरू झाला तेव्हा आई मेलेलीच होती. पहिल्याच दृश्यात पाऊस, समुद्राकाठचं दगडी घर आणि शवपेटी. तिचा एक फोटोसुद्धा धड दाखवला नाही. मुलगा बॉस्टनहून उशिरा पोचलेला, बापानं त्याच्याकडं न बघता पेटीला खांदा दिलेला. मग घरात दोघंच उरतात, आणि एक म्हातारी कुत्री. बाप कुत्रीकडं बघून म्हणतो, "त्याला सांग, सूप गरम आहे." मुलगा कुत्रीला म्हणतो, "त्यांना सांग, मला भूक नाही."

सगळं थिएटर हसलं. माझ्या डावीकडं हे हसले, उजवीकडं समीर हसला. एकाच वेळी, एकाच सुरात हसले, बापलेकांचं हसणं इतकं सारखं आहे. मी मांडीवरची बादली घट्ट धरून बसले होते. कुत्री पडद्यावर एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं मान वळवत होती आणि लोकांना हसू आवरत नव्हतं.

पुढं ती कुत्री मरते. मला वाटलं, चला, आता तरी बोलतील. दोघं मिळून तिला पुरतात, तेही न बोलता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नुसती शांतता. मग बाप उठतो, कोटाच्या आतून एक पिल्लू काढतो आणि दोन खुर्च्यांच्या बरोबर मधे ठेवतो. मुलगा खाली बघून पिल्लाला म्हणतो, "त्यांना सांग, चहा छान झालाय." बाप हसतो, मुलगा हसतो, संपला सिनेमा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण डोळे पुसत होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर पडताना मागच्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडं बघून गोड हसली आणि म्हणाली, "किती हळुवार होता ना?" मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हटलं, "कुत्र्याला कुणी विचारलं का?" तिला तो विनोद वाटला. मोठ्यानं हसून तिनं माझा दंड दाबला.

फुटपाथवर समीर दोन पावलं पुढं, हे दोन पावलं मागं. हे म्हणाले, "त्याला सांग, चांगला पिक्चर दाखवला."

समीर पुढूनच म्हणाला, "बाबांना म्हणावं, त्यांना आवडेल असं वाटलं नव्हतं."

त्या सिनेमातून बाहेर पडून पाच मिनिटंही झाली नव्हती! केतकीनं माझ्याकडं बघून हात टेकले. मी तिथंच, एका पुस्तकाच्या दुकानासमोर थांबले आणि म्हटलं, "आजपासून मी कुणाला काही सांगणार नाही. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं, नाही तर राहावं."

"दमलीय," हे म्हणाले.

"थंडी बाधलीय तिला," समीर म्हणाला.

बघा, एकमेकांचं वाक्य पुरं केलं दोघांनी. पण बोलले माझ्याकडं बघून.

अर्विंग

माझ्या बहिणीची मुलगी अश्विनी टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या अर्विंगला असते. 'मावशी, ये ना,' असं ती आम्ही आल्यापासून म्हणत होती. मी केतकीकडून तिकीट काढून घेतलं, आठवड्याभराचं. माझ्या आयुष्यातला एकटीचा पहिला विमानप्रवास, तो मी रागाच्या भरात केला. तपासणीच्या ठिकाणी उरलेल्या भडंगाचा डबा उघडायला लावला. अधिकाऱ्यानं वाकून वास घेतला, लसूण नाकात गेली आणि तो तीनदा शिंकला. मग मलाच 'सॉरी' म्हणून डबा परत दिला. निदान तो माझ्याशी सरळ बोलला.

अर्विंग म्हणजे सपाट जमीन, मोठे रस्ते आणि ऊन. ऊन बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. किराणा दुकानात पडवळ, कढीपत्ता, अळूची पानंसुद्धा. समोरच्या रांगेत दोघी मराठीत भांडत होत्या, की कुठल्या कंपनीची भाकरी फ्रोझन असूनही कडक होत नाही. अश्विनीच्या इमारतींच्या आवारात संध्याकाळी मुलांकडं आलेले आईवडील फिरायला निघतात. साडीवर बूट, डोक्याला मफलर, पुरुष पुढं आणि बायका मागं. सगळ्यांचं बोलणं एकाच विषयावर, परतीची तारीख.

त्यात नागपूरच्या निमाकाकू म्हणून भेटल्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "काय सांगता बाप्पा! मंग आता तुम्ही इकडं येऊन बसल्या, तर ते दोघं तिकडं काय करून राहिले असतील?"

काय करून राहिले होते ते दुसऱ्याच दिवशी कळलं. ह्यांचा फोन आला, "त्याला जरा मेसेज टाक, हीटर कमी करायला सांग. उकडतंय."

"अहो, तो कुठाय?"

"शेजारच्या खोलीत."

मी अर्विंगला, हे आणि समीर एका भिंतीच्या अंतरावर, आणि हीटरचा निरोप टेक्सासवरून जाणार होता. मी फोन ठेवला. तासाभरात समीरचा आला, "आई, बाबांना सांग ना, खिडकी उघडी ठेवू नका, बिल..." मी तोही ठेवला. अश्विनी हसून हसून बेजार झाली. मला हसू आलं नाही. ओट्याशी उभं राहून मी रडले, तेही सांगते.

त्यानंतर मात्र फोन थांबले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. चौथ्या दिवशी मीच केतकीला मेसेज केला, "घरी सगळं बरं ना?" तिचं उत्तर, "हो आई, एकदम शांत. काल तर दोघं हसत होते." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जीव भांड्यात पडला. अश्विनीच्या स्वयंपाकघरात बेसन भाजायला घेतलं आणि लाडू वळले. ह्यांना आवडतात आणि समीरलाही. निमाकाकूंना लाडू दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाह्यलं? तुम्ही हटल्या म्हणून झालं." मलाही तसंच वाटलं. परतीच्या विमानात मी अगदी सुखात होते. आता सरोवराला जाऊ, असंही मनात येऊन गेलं.

पुन्हा ॲन आर्बर

डेट्रॉइटला गाडी आली तर पुढच्या सीटवर, समीरच्या शेजारी, हे बसलेले! मला भरूनच आलं. मी मागं रेवाजवळ बसले, तिचा पापा घेतला. गाडी निघाली.

"रेवा," समीर म्हणाला, "आजोबांना सांग, सीटबेल्ट."

रेवा दोन सीटांमधून पुढं झुकली. "आजोबा, बाबा सेज सीटबेल्ट."

"सांग त्याला, लावतोय," हे म्हणाले.

"बाबा, ही इज पुटिंग इट ऑन." मग माझ्याकडं वळून, चेहरा नुसता उजळलेला, ती म्हणाली, "आजी! आय हॅव युअर जॉब नाउ!"

समीर हसला. हे हसले. केतकी ज्या हसण्याबद्दल लिहीत होती ते हेच. मांडीवरचा लाडवांचा डबा मी खाली पायाशी ठेवला.

घरी केतकीला विचारलं तर ती ओशाळली. "आई, सकाळी लॅबला जाते ती संध्याकाळी येते. मला वाटलं, गोड आहे. गेमसारखं करतात. ते हसतात तरी." मी म्हटलं, "तू स्वतः केलं नाहीस. तिला करू दिलंस." सून म्हणून तिला असं बोलायला नको होतं, असं लोक म्हणतील. म्हणोत.

परत निघायला थोडे दिवस उरले होते. रविवार होता, सकाळी सगळे टेबलाशी. मी पोहे केले होते. माझी मधली खुर्ची आता रेवाकडं गेली होती, खाली दोन उशा घालून. बाहेर गाडीच्या काचांवर पांढरं दव गोठलेलं. हे बराच वेळ खिडकीतून ते बघत होते. मग रेवाकडं वळून, अगदी हीटर कमी करायला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "तुझ्या बाबाला विचार, माझ्या वेळी तरी येणार आहे का."

रेवाला 'माझ्या वेळी' कळलं नाही. तिनं विचारलं, "म्हणजे व्हेन?"

"मी मरेन तेव्हा."

ती समीरकडं वळली. पोरीला निरोप पोचवायची सवय झाली होती, तिनं पोचवला. "बाबा, आजोबा इज आस्किंग, व्हेन ही डाइज, विल यू कम?"

समीरचा चमचा बशीत राहिला. तो रेवाकडं बघत होता, मग पोह्यांकडं. ह्यांच्याकडं नाही. हे खिडकीकडं. केतकी उभी राहिली होती. आणि ती पोर, दोन उशांवर बसलेली, उत्तराची वाट बघत होती. उत्तर घेऊन जायचं तिचं काम होतं ना. "बाबा? व्हॉट डू आय टेल हिम?" परत एकदा, जरा घाबरून, "बाबा, टेल मी. व्हॉट डू आय से?"

मी तिला उचलून घेतलं. सहा वर्षांची घोडी, माझी कंबर भरून आली, तरी घेतलं. आणि ओरडले. आयुष्यात नवऱ्यावर इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते आणि मुलावरही. "एकाला तोंड आहे, एकाला कान आहेत! माझं आयुष्य गेलं यात, आता हिचं घालवायचं नाही!" रेवा रडायला लागली. तिला वाटलं, तिचंच काही तरी चुकलं. तिला घेऊन मी आत गेले आणि दार लावलं. थोड्या वेळानं बाहेर गाडीची काच खरवडल्याचा आवाज आला. समीर दव काढत होता. कुठं जायचं नव्हतं, तरी काढत होता.

उरलेल्या दिवसांत घरात कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पोळी हवी असेल तर ज्यानं त्यानं उठून घेतली.

पुन्हा डेट्रॉइट

निघताना समीर आत तपासणीच्या दोरीपर्यंत आला. केतकी आणि रेवा घरीच थांबल्या होत्या. हे पुढं रांगेत पिशवीचे बंद तपासत उभे होते. समीर मला वाकून नमस्कार करून उठला आणि मिठी मारली ती सोडेना. मग माझ्या कानाशी म्हणाला, "आई, बाबांना सांग, मी येईन. व्हिसा गेला खड्ड्यात. मी येईन."

आठ वर्षं मी ज्या निरोपाची वाट बघत होते तो हा. मी त्याचे दोन्ही दंड धरले आणि म्हटलं, "तू सांग. ते बघ, तिथं आहेत. चार पावलं चाल आणि सांग."

त्यानं तिकडं बघितलं. ह्यांनीही त्याच वेळी मागं वळून बघितलं. दोघांची नजर एक झाली असेल, मला खात्री आहे. मी मुद्दाम बाजूला सरकले, मधे कुणी राहू नये म्हणून. समीर एक पाऊल पुढं झाला. ह्यांनी पिशवी खाली ठेवली. मग मागच्या माणसानं 'एक्स्क्यूज मी' म्हटलं, रांग पुढं सरकली, ह्यांनी पिशवी उचलली. समीरनं हात वर केला, तो कुणाला केला ते सांगता येणार नाही. मी गेले.

विमानात खिडकीची जागा ह्यांची होती. थोड्या वेळानं म्हणाले, "खाली पाणी दिसतंय बघ, केवढं. सरोवर असेल." मला तिथून पंखाचं टोक तेवढं दिसत होतं. मग म्हणाले, "काय म्हणत होता तो शेवटी, तुझ्या कानात?"

"त्याला विचारा," मी म्हटलं.

सांगली

येऊन महिना होऊन गेला. हे दर दोन-चार दिवसांनी विचारतात. जेवताना, फिरून आल्यावर, वर्तमानपत्राच्या आडून. "काही विशेष म्हणाला होता का?" रात्री त्यांना नीट झोप लागत नाही हेही मला दिसतं. दोन शब्दांचं काम आहे. कितीदा ओठांवर येतं. मी दुष्टपणा करतेय असं तुम्हाला वाटेल, माझ्या बहिणीलाही वाटतं. पण एकदा का मी हा निरोप पोचवला, तर माझ्यानंतर पुन्हा ती पोर त्या दोन उशांवर बसणार. मी सांगणार नाही. हे इथं लिहिल्यामुळं त्यांना कळेल अशीही भीती नाही. माझं लिहिलेलं त्यांनी आजवर कधी वाचलेलं नाही.

परवा संध्याकाळी देवापाशी दिवा लावून बाहेर आले तर हे आरामखुर्चीत फोन हातात घेऊन बसले होते. त्यावर समीरचं नाव उघडलेलं मला लांबून दिसलं. मी दारातच थांबले. बराच वेळ अंगठा तसाच वर होता. मग त्यांनी फोन पालथा करून टीपॉयवर ठेवला.

"झोपला असेल आता," ते मला म्हणाले.

मी जन्मभर भूगोल शिकवला आहे. तिथं तेव्हा भर सकाळ होती.